दारापासून ओट्यापर्यंतची लेन्स

आक्का, तुमचा कोणता फोटो लावायचा यावरून घरात वाद झाला. तुम्ही असता तर मधे पडला असता, दोन्हीकडं वेगवेगळं सांगितलं असतं, आणि दोन्हीकडच्यांना वाटलं असतं की आपलंच खरं झालं. आम्हाला ते जमलं नाही.

मधल्या खोलीत मामंजींच्या फोटोशेजारी खिळा ठोकून झाला होता. फोटो दोनच होते आणि दोन्ही मीच काढलेले. एक पोळ्याचा. अंगणात तुम्हाला उभं करून, जवळून काढलेला. डोक्यावर पदर, ओठ मिटलेले, हात अंगाला चिकटलेले, नजर थेट समोर. शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारख्या दिसता. दुसरा हळदीच्या दिवसांतला, गच्चीवरून, तुम्हाला न सांगता काढलेला. त्यात तुम्ही हसताय. तो बघितला की जो तो म्हणतो, ही खरी आक्का. तुमचा ओंकार तर म्हणाला, "काकू, माझी माय अशीच होती. त्या दुसऱ्या फोटोतली बाई आधार कार्डावरची आहे."

यांनाही गच्चीवरचाच हवा होता. खरं सांगायचं तर मलाही. मी आजवर काढलेल्या फोटोंत तो सगळ्यांत चांगला आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही.

पण तुम्ही मला म्हणाला होता, तो भिंतीला लावू नको. एकटीलाच म्हणाला होता. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

आणि बोलायचं तरी कुणाशी? घरात शेवटचा शब्द दादांचा. तुमचे मालक, माझे थोरले दीर. आमच्या कनेरगावकडं भासरे म्हणतात. लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलेलं नाही. ते अंगणापलीकडच्या ओट्यावर, मी चुलीच्या दाराआड, मधे तुम्ही. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते तुम्हाला सांगायचे, मला त्यांना सांगायचं असलं की मी तुम्हाला. आता मधे कुणी नव्हतं, आणि पोचवायचा होता तो निरोप तुमचाच होता.

तुम्हाला काय झालं, कसं झालं, ते मी इथं लिहीत नाही. सकाळी छातीत दुखतंय म्हणालात आणि दुपारी सगळं संपलं, तेच मला अजून नीट समजलेलं नाही. मला लेन्सचं लिहायचं आहे. आपण दोघींनी मिळून घेतलेली या घरातली ती एकच वस्तू.

कॅमेरा माझ्या भावाचा. कनेरगाव नाक्याला तो लग्नांचे फोटो काढायचा. नवा घेतला तेव्हा जुना मला दिला, म्हणाला, "ताई, तू शिकलेली आहेस, तुला जमेल." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, आणि तुम्ही जिथं तिथं त्यावरून मला टोमणे मारायचा. "ग्रॅज्वेट बाई, दूध उतू चाललंय, त्याचं काई शिकवलं न्हाई का कालेजात?" मी जवळा बाजारच्या शाळेत लागले तरी तुमचं ते सुटलं नाही. मला राग यायचा. आता कुणी तसं म्हणत नाही, तर दूध उतू गेल्यावरच कळतं.

त्या कॅमेऱ्याला एकच लेन्स होती, पन्नासची. तिला झूम नव्हता. माणूस मोठं हवं असेल तर आपणच पुढं जायचं, सगळी माणसं मावायला हवी असतील तर आपणच मागं सरकायचं. "ह्याला सोताचे पाय न्हाईत," तुम्ही म्हणालात, "तुझेच पाय वापरून राहिलंय." दिवाळीला सगळ्यांना अंगणात उभं केलं. मी सरकत सरकत थेट वासराच्या पाण्याच्या टाकीत पाय घातला, तरी कडेला उभे असलेले हे अर्धेच आले. उजवा हात आणि उजवी मिशी. तुम्ही तो फोटो महिनाभर आल्यागेल्याला दाखवत होता.

लेकरांचे फोटो मात्र त्या लेन्सनं काय सुंदर यायचे. लेकरं जवळ येऊ देतात, तिथं अडचणच नव्हती. अडचण दादांची. वर्षभराचे फोटो बघितले तर त्यांत दादा काडीएवढे, कुठंतरी मागं, ओट्यावर. जवळ जायची मला मुभा नाही आणि लेन्सला पाय नाहीत. एकदा तुम्ही माझ्या मोबाईलवर सगळे फोटो सरकवत बघितले आणि म्हणालात, "माह्या नवऱ्याची टोपी दिसून राहिली सगळीकडं. टोपीखालचा माणूस कुठं हाय?"

त्या दिवसापासून मी झूमच्या मागं लागले.

लेन्सवरचे आकडे मी तुम्हाला समजावून सांगितले होते. आकडा जितका लहान, तितकं जास्त अंगण मावतं. जितका मोठा, तितकं लांबचं माणूस जवळ येतं. भावाचं म्हणणं, दोन लेन्स घे, एक अठरा ते पंचावन्न, दुसरी पंचावन्न ते अडीचशे, लागेल तशी बदलत जा. शहरात ठीक आहे ते. आपल्याकडं परसात हळद शिजते, वाळते, मग पॉलिशचा ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ पार स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बसते. मागच्याच्या मागच्या हंगामात लेन्स पुसायला म्हणून मी काढली आणि नेमका भावाचा फोन आला. कॅमेऱ्याचं तोंड उघडं, भिंतीपलीकडं ड्रम चालू, आणि मी बोलतेय. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आभाळाला देवी आल्यासारखे डाग. मी रडकुंडीला आले, आणि तुम्ही म्हणालात, "कॅमेऱ्याला हळद लागली की गं! आता लगीन लावून टाक त्याचं."

म्हणजे आपल्याला लेन्स हवी होती ती एकच, कॅमेऱ्यावरून न उतरणारी. पायाशी लोळणारं लेकरू तिच्यात मावलं पाहिजे, आणि चुलीच्या दारातून ओट्यावरचे दादा दिसले पाहिजेत. दुनियेत लोक डोंगर, पक्षी, क्रिकेट बघून लेन्स घेत असतील. आपल्याला आपल्या घरातली माणसं एकमेकांपासून किती लांब बसतात ते बघून घ्यायची होती.

नांदेडला आपण दोघीच गेलो. घरी सांगितलं, बाजार करून येतो. बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसून मला बजावलंत, "दुकानात तू बोल. म्या खामखा हिंदीत अडकते." आणि दुकानात शिरल्यापासून तुम्हीच बोलत होता.

दुकानदारानं काउंटरवर लेन्स मांडल्या. मी पुस्तकातलं विचारत होते, तो पुस्तकातलं सांगत होता. तुम्ही मधेच म्हणालात, "थांबा भैया. आमचा ओटा किती लांब हाय ते तुमाला काय ठाऊक?" आणि सरळ बाहेर पडून रस्ता ओलांडलात. पलीकडं एक बंद शटर होतं. त्याच्या पायरीवर बसलात. मग एक पाय दुसऱ्यावर टाकलात, डाव्या तळहातावर नसलेली तंबाखू मळलीत, खाकरलात, आणि कपाळाला आठी घालून रस्त्याकडं अशा बघायला लागलात की मला दाराआड जावंसं वाटलं. हुबेहूब दादा. येणारी जाणारी माणसं थांबून बघत होती. एका फळवाल्यानं विचारलं, "बाई, चक्कर आली का?" तुम्ही दादांच्याच आवाजात त्याला म्हणालात, "आपलं काम बघ."

मी एकेक लेन्स लावून बघत होते. पंचावन्नला तुम्ही बाहुलीएवढ्या. एकशे पस्तीसला कमरेपासून वर, आठीसकट. अडीचशेला नुसतं नाक. हसून हसून माझा हात इतका हलत होता की एकही फोटो धड आला नाही.

तुम्ही परत आलात, पदर सारखा केलात. "दिसले का दादा?"

"दिसले. हिच्यात बराबर दिसतात. त्या दुसरीत नुसतं नाकच येतं."

"नुसतं नाक घरी नेऊन काय करू? त्या नाकापायीच तर समदी भांडणं."

दुकानदार तरी मोठीच खपवायला बघत होता. "मॅडम, ये तीन सौ तक जाता है। शेर का भी फोटो आयेगा।" तुम्ही ती हातात घेऊन जोखलीत, कॅमेऱ्याला लावून माझ्या गळ्यात अडकवलीत, माझी मान पुढं वाकली ते बघितलंत आणि काढून घेतलीत. "आमच्या घरात शेर न्हाई, भैया. एक हाय तो ओट्यावरच बसतो."

अठरा ते एकशे पस्तीस. ती घेतली. पन्नासची लहान लेन्स ठेवूनच दिली, चुलीपाशी अंधारात तीच कामाला येते. नव्या झूमला उजेड जास्त लागतो. एका लेन्समध्ये सगळं भागतं असं दुकानदार म्हणाला. तसं नसतं, मी तिथंच सांगितलं. पण तुम्ही मला कोपरानं ढोसलंत, म्हणजे आता पुरे.

निघताना तुम्ही म्हणालात, "आण, म्या बघते." कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या घराच्या वरच्या मजल्याकडं धरलात. तिथं एक बाई सज्ज्यात उन्हात केस वाळवत होती. मी तुम्हाला झूमची रिंग फिरवून दिली, बाई जवळ आली. तुम्ही क्षणभर बघितलंत आणि एकदम कॅमेरा खाली केलात.

"काय झालं?"

"तिला ठाऊक न्हाई ना म्या बघून राहिले ते."

परतीच्या बसमध्ये आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही, म्हणून इथं पुन्हा काढते. माझं म्हणणं, कॅमेरा जवळ आला की आपल्याकडची माणसं ताठ होतात. बायका पदर ओढतात, पुरुष गुंड्या लावतात, हसणारं माणूस तोंड मिटतं. माणूस जसं आहे तसं पाहिजे असेल तर लांबूनच काढला पाहिजे. तुमचं म्हणणं, "जवळ जा, इचार, मंग काढ."

"आपण दारातून बघतोच की सगळ्यांना!"

"बघणं येगळं. ठिवून घेणं येगळं."

"आणि दादांचा? त्यांना जाऊन विचारू मी? तुम्हीच शिकवलंत ना, भासऱ्यासमोर जायचं नाही?"

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. तिकडंच बघत म्हणालात, "म्या शिकवलं न्हाई. मला जे सांगितलं व्हतं, ते तुला सांगितलं." आणि पिशवीतून पेरू काढून माझ्या हातात दिलात. आपल्या भांडणात पेरू आला की समजायचं, तुमच्याकडून विषय बंद.

माझ्याकडून बंद नव्हता. आक्का, मी स्पष्ट बोलणारी आहे, तुम्ही गेलात म्हणून बदलणार नाही. तुम्हाला मधे उभं राहायला आवडायचं. या घरात तुमच्या हातून गेल्याशिवाय एकही शब्द इकडचा तिकडं होत नव्हता, आणि जाताना त्याला तुम्ही आपलं मीठ लावायचा. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही निरोप आणलात, "दादा म्हणून राहिलेत, जाऊ दे तिला, पण सांजच्याला भाकरी येळेवर पडाय पायजे." मी खूप दिवस धुसफुसत होते. भाकरीचं दादा म्हणाले होते की तुम्ही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आता मी दादांना विचारू शकते. पण ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, तुम्ही कशा नजर चुकवता ते बघत.

आणि हेही लिहायला पाहिजे, की ती नोकरी टिकली ती तुमच्यामुळं. शाळेतून उशीर झाला त्या दिवशी भाकरी वेळेवर पडलेलीच असायची. कुणी टाकली ते तुम्ही कधी दादांना सांगितलं नाहीत, आणि मी कधी तुम्हाला थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत. म्हणायला पाहिजे होतं.

लेन्स घरी आल्यावर गंमत अशी झाली की विचारून काढ म्हणणाऱ्या तुम्हीच मला हळूच हाक मारायला लागलात. "ये ये, लवकर ये. दादा टोपी काढून उन्हात बसलेत." "आता बघ, वासराशी बोलून राहिलेत." मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, रिंग पार शेवटपर्यंत फिरवायची, आणि ओट्यावरचे दादा माझ्यासमोर येऊन बसल्यासारखे यायचे. मी म्हटलं, "का हो, हे बराबर आहे का? त्यांना कुठं ठाऊक आहे?"

"ते माहे हायेत. म्या व्हय म्हणलं म्हंजी झालं."

मी क्लिक केलं.

मग हळदीचे दिवस आले. परसात बॉयलर लागला होता, वाफेचे लोट उठत होते. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. खाली बघितलं तर तुम्ही पदर कमरेला खोचून, डोकं उघडं, कोपरापर्यंत पिवळे हात, मजुरीला आलेल्या बायांना हसवत होता. कुणाची तरी नक्कल चालली होती, बहुतेक माझीच. मी कॅमेरा आणला, रिंग फिरवली. तुम्ही हळकुंड फेकून मारायला हात उचललात आणि मान मागं टाकून हसलात. तोंड उघडं, बाजूच्या पडलेल्या दाताची फट दिसतेय, वाफ चेहऱ्यावरून निघून चाललीय. एकच क्लिक केलं. दुसऱ्याची गरजच नव्हती.

संध्याकाळी तुम्हाला दाखवला. तुम्ही हात पुसून कॅमेरा घेतलात आणि उजेडाकडं वळलात.

"ही कोण गं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"अशी दिसते म्या?" मग म्हणालात, "चांगला हाय. लई चांगला हाय." आणि कॅमेरा परत देताना, "पण ह्याला भित्तीला लावू नको."

"काहून?"

"सांगीन."

तेवढ्यात परसातून कुणी तुम्हाला हाक मारली आणि तुम्ही गेलात. नंतर मी दोन-तीनदा विचारलं. सांगीन की, पळून चालले का म्या कुठं, असं म्हणालात.

म्हणून मला तो निरोप पोचवायचा होता, आणि का ते मला माहीत नव्हतं. आधी यांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही दादांच्या कानावर घाला. हे म्हणाले, "वहिनीचा तो एकच फोटो आहे जो बघितला की ती गेली असं वाटत नाही. तो नको, असं मी सांगू? तूच सांग." ओंकारला सांगावं तर तो पोरगा आधीच कोलमडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो मोठा करून आणायला वसमतला निघणार होता.

शाळेत शंभर लेकरांसमोर मी बोलते. गावात ग्रामसभेला उभं राहून पाण्याचं विचारलेलं आहे. पण त्या दुपारी चुलीचं दार ओलांडणं जमेना. काही वेळा चौकटीपर्यंत येऊन परत फिरले. मग कॅमेरा गळ्यात अडकवला, का कोण जाणे, आणि अंगणात उतरले. खेळणारी लेकरं गप्प झाली. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

"दादा, जरा बोलायचं होतं."

त्यांनी दचकून वर बघितलं, माझ्याकडं नाही, माझ्या मागं. दाराकडं. आक्का, सवयीनं. तुम्ही निरोप घेऊन याल म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बघायला लागले. मीही.

"बोल, बाई."

मी जे होतं ते सांगितलं. तो फोटो उघडून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उजेड पडत होता म्हणून टोपी काढून त्याची सावली केली.

"कव्हाचा हाय?"

"हळद शिजवताना. गच्चीवरून काढलेला."

"कुणाला मारून राहिली ही?" ते हसले. मग विचारलं, "काहून न्हाई म्हणली?"

"सांगते म्हणाल्या होत्या. राहून गेलं."

"दात पडला व्हता ना. त्याचं लई वाटायचं तिला."

"मला वाटतं, न विचारता काढला म्हणून."

लेकरं पुन्हा खेळायला लागली होती. "तिला इचारून कुणी काय केलं व्हतं?" ते म्हणाले. "लगीन ठरलं तव्हा न्हाई इचारलं. रान इकलं तव्हा न्हाई. म्याबी न्हाई इचारलं कव्हा." टोपीची सावली सारखी केली. "फोटूचं तरी तिचं ऐकू. पोळ्याचा लावा. ओंकारला म्या सांगतो."

आता तुम्हाला वाटेल मी मान डोलावली. नाही. मी म्हटलं, "दादा, पण चांगला हाच आहे." तोंडून निघून गेलं. थोरल्या दिरासमोर पहिल्यांदा बोलले आणि पहिल्यांदाच वाद घातला. तुम्ही दारातून डोळे वटारले असते.

"चांगला हाय की," ते म्हणाले. "ह्याच्यात राहू दे. म्या मागीन तव्हा दाखवत जा."

कॅमेरा परत देता देता त्यांनी विचारलं, "एक सांग. माहे फोटू तू काढती, ओंकार दाखवतो मला मोबाईलवर. समद्यात म्या दुसरीकडंच बघून राहिलो. काहून?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. "दारातून काढते ना," मी म्हटलं. "तुम्हाला कळत नाही."

"कळतं. मान वळवू कशी? तू दारात उभी." मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "एक जवळून काढ."

मी सवयीनं दाराच्या दिशेनं मागं सरकले. मग थांबले, आणि पुढं आले. रिंग फिरवून उलटी आणली, लांबचं जवळ आणायची गरजच नव्हती. दादांनी वरची गुंडी लावली, हात मांड्यांवर सरळ ठेवले, ओठ मिटले आणि समोर बघितलं. अगदी पोळ्याच्या फोटोतल्या तुमच्यासारखं. त्या चेहऱ्याला मी ताठ म्हणायची, ओंकार आधार कार्ड म्हणतो. पण कॅमेऱ्यातून बघताना मला कळलं की हे माणूस कॅमेऱ्याकडं बघत नाहीये, माझ्याकडं बघतंय. म्हणजे पोळ्याला तुम्हीही माझ्याकडंच बघत होता. गच्चीवरच्या फोटोत मी कुठंच नाही. तिथं मी आहे हे तुम्हाला ठाऊकच नाही.

तुम्हाला हेच सांगायचं होतं की दाताचं, ते मला आता कळणार नाही. आणि मी अजूनही म्हणते, फोटो म्हणून गच्चीवरचाच चांगला आहे. भिंतीवर पोळ्याचा लागलाय. शाळेला निघताना मी त्याच्यासमोरून जाते, आणि तुम्ही बघता.

त्या दिवशी मी क्लिक करायला जरा वेळ लावला. दादा म्हणाले, "काय झालं? बिघडलं का?" मी म्हटलं, "न्हाई." आक्का, दादांचे डोळे घारे आहेत. इतकी वर्षं एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं.